जात्यापासून हलगीपर्यंत : सहा गाण्यांच्या संचाच्या प्रकल्प नोंदी

४ ऑगस्ट
संच सहा गाण्यांचा. चार गाणी जात्यावरच्या ओव्यांवर उभी, एक पोवाड्याच्या अंगाचं, एक नुसत्या एकतारीवर. विषय दोन आणि दोन्ही एकमेकांत गुंतलेले : बाईचं सासर-माहेर आणि ऊसतोडीचं स्थलांतर. ओव्या गाणाऱ्या दोघी जावा बीड जिल्ह्यातल्या एका वाडीतल्या. दोघीही दर हंगामाला कोयत्यावर जातात. (ऊसतोडीच्या हिशोबात नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’. उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, त्या जोडीला मिळते, एकट्या बाईला नाही. पाचवं गाणं ह्याच हिशोबावर आहे.)

वेळापत्रक ह्यावरूनच ठरतं. दसरा-दिवाळीच्या सुमाराला टोळ्या निघतात आणि कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत, म्हणजे गाळप हंगाम संपेपर्यंत, परत येत नाहीत. म्हणजे आवाजाचं सगळं काम सप्टेंबरअखेर संपायला हवं. पावसाळ्यात चामड्याची वाद्यं ढिली पडतात हे ठाऊक असूनही दुसरा मार्ग नाही.

७ ऑगस्ट
जागा पाहिली. पडवीवर पत्रा आहे, त्यामुळे तिथे काम होणार नाही. हलकी सर आली तरी टेक (एका दमात केलेलं रेकॉर्डिंग) गेला. आतली खोली माळवदाची, जमीन सारवलेली, भिंती जाड. टाळी वाजवून पाहिली तर समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये आवाज फडफडतो. एका भिंतीवर दोन वाकळा दुमडून टांगल्या, भिंतीपासून वीतभर पुढे. भिंतीला चिकटवून टांगल्या तर फक्त वरचे स्वर मरतात. मागे पोकळी ठेवली की थोडं खालपर्यंत काम होतं. घुमारा पूर्ण जात नाही आणि जाऊही नये, नाहीतर ओवी कपाटात बसून म्हटल्यासारखी वाटते.

विजेवर काहीही चालवायचं नाही. शेजारच्या विहिरीवर मोटर लागली की ५० हर्ट्झची गुणगुण आणि तिच्या पटी, १०० आणि १५०, सगळ्या रेकॉर्डिंगमध्ये उतरतात. रेकॉर्डर बॅटरीवर. फँटम पॉवर (रेकॉर्डरमधून माइकला मिळणारी वीज) चालू असताना बॅटरी निम्म्या वेळात संपते, म्हणून चार संच जवळ.

११ ऑगस्ट
जात्याबद्दल. रिकामं जातं फिरवून ‘आवाज घेऊ’ असा पहिला विचार होता, तो चूक. दगडावर दगड घासला की करकर होते, कानाला टोचते, शिवाय तळ्या (जात्याचे दगड) झिजतात. ज्वारीची वैरण (एका वेळी जात्यात टाकायचे मूठभर दाणे) घातली की आवाज भरीव होतो आणि वर दाणे फुटण्याची बारीक कुरकुर येते. नुकतीच टाकी लावलेलं (छिन्नीने दगड खरबरीत केलेलं) जातं जास्त मोठ्याने बोलतं आणि पहिल्या पायलीत कच निघते. घरातल्या दोन जात्यांपैकी टाकी लावून बरेच महिने झालेलं निवडलं.

खुंटा सैल होता. प्रत्येक फेऱ्याला एक ‘टक’ ऐकू यायचा. कापडाची चिंधी घालून ठोकून बसवला. हा टक नंतर काढता येत नाही, कारण तो नेमका ओळीच्या मधोमध येतो.

१२ ऑगस्ट
माइक. दोघी जात्याच्या दोन बाजूंना समोरासमोर बसतात. एक ओळ म्हणते, दुसरी उचलते. तोंडापासून दगड हातभरच खाली आहे. नेहमीचा कार्डिऑइड (मुख्यतः समोरून ऐकणारा) माइक प्रत्येकीसमोर लावला तर दोन्ही माइकमध्ये जात्याची घरघर आवाजाइतकीच येते.

चाललेली मांडणी अशी. फिगर-आठ प्रकारचा एकच माइक, दोघींच्या मधोमध, तोंडाच्या उंचीवर, बूम (स्टँडचा आडवा दांडा) बाजूने आणलेला. पुढची बाजू थोरलीकडे, मागची धाकटीकडे. हा माइक पुढून आणि मागून ऐकतो, कडेच्या आणि वर-खालच्या दिशांना जवळजवळ बहिरा असतो. जातं बरोबर खाली, म्हणजे त्या बहिऱ्या दिशेत. घरघर इतकी खाली गेली की पहिल्यांदा वाटलं जातं थांबलंय. तोंडापासून माइक सुमारे ४० सेंटिमीटर. त्याहून जवळ गेलं तर फिगर-आठमध्ये खालचे स्वर फुगतात, म्हणून ९० हर्ट्झच्या खाली कट.

जात्यासाठी वेगळा छोटा कंडेन्सर माइक, तळीच्या कडेपासून २० सेंटिमीटर, पीठ पडतं त्याच्या उलट बाजूला. पीठ माइकच्या जाळीत जातं. पातळ मलमलीचा तुकडा बांधला. दोन्ही स्टँडचे पाय चौपदरी गोधडीवर, नाहीतर जमिनीतून थरथर चढते.

एक तोटा आहे : दोघींचा आवाज एकाच ट्रॅकवर. धाकटीचा आवाज बारीक, थोरलीचा भरदार. नंतर वेगळं करता येणार नाही. उपाय मिक्समध्ये नाही, जागेवरच : माइक आठ बोटं धाकटीकडे सरकवला. बस.

१८ ऑगस्ट
शब्द. पारंपरिक ओव्या कुठल्या आणि आताच्या भरीच्या कुठल्या, हे आधी वेगळं केलं. पडताळ्यासाठी हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी उभ्या केलेल्या जात्यावरच्या ओव्यांच्या संग्रहाचा उपयोग झाला. एक लाखाहून अधिक ओव्या, आता ‘परी’च्या (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) संकेतस्थळावर ऐकायलाही मिळतात. आपल्या वाडीत ‘आमच्या सासूची’ म्हणून सांगितलेली ओवी दुसऱ्या तालुक्यात दुसऱ्या बाईच्या तोंडी थोड्या फरकाने सापडते. ह्यात चोरी कुणाचीच नाही, ओवी अशीच चालत जाते. पण श्रेय लिहिताना हा फरक कळायला हवा.

ऊसतोडीच्या ओव्या नव्या जुळवल्या आहेत. त्यातली एक :

कोयत्याच्या धारंवर उजाडली गं पहाट
मोळीखाली मान माझी, बघू कशी गावाची वाट

कागदावर मोजलं तर पहिल्या ओळीचे अर्ध आठ-आठ अक्षरांचे. दुसऱ्या ओळीचा शेवटचा अर्ध नऊचा. ‘कशी बघू गाववाट’ केलं की आठ बसतात. तसं लिहून दिलं, म्हणताना थोरलीने ते सोडून दिलं आणि ‘गावाची वाट’च ठेवली, ‘बघू’ आखडून घेतलं. तेच बरोबर. अभंगाची अक्षरं मोजायची असतात, मोठ्या अभंगात सहा-सहा-सहा-चार. जात्यावरच्या ओवीचं वजन अक्षरांत नसून फेऱ्यात आहे. कमी पडलं तर ‘गं’, ‘बाई’, ‘माझ्या’ येतात. जास्त झालं तर शब्द आखडतो. कागदावर दुरुस्त केलेली ओवी बहुतेक वेळा तोंडात मोडते.

२२ ऑगस्ट
क्लिकचा (हेडफोनमधल्या ठरावीक लयीच्या टिकटिकीचा) प्रयोग फसला. का फसला ते नीट लिहून ठेवायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावर आहे.

हलगी नंतर भरायची होती म्हणून थोरलीला हेडफोनमध्ये मिनिटाला ६३ ठोक्यांचा क्लिक दिला, जातं न फिरवता. ओवी गायली गेली, सूर बरोबर, शब्द बरोबर, आणि गाणं मेलेलं. ओळीच्या शेवटचा लांब स्वर प्रत्येक वेळी सारख्याच लांबीचा. जात्यावर तो स्वर हात पुढे ढकलताना ताणला जातो आणि हात अंगाकडे येताना सुटतो. हात रिकामा म्हणजे स्वराला धरायला काही नाही.

मग जातं फिरवून क्लिक दिला. तेव्हा क्लिक आणि जातं भांडायला लागले. जात्याचा ट्रॅक मोजला तर कारण स्पष्ट : नवी वैरण घातल्यावर एक फेरा १.९ सेकंदाचा, म्हणजे फेऱ्याला दोन ठोके धरले तर ६३. दाणे संपत येतात तसा दगड हलका होतो आणि फेरा १.६वर येतो, म्हणजे ७५. पुन्हा वैरण, पुन्हा ६३. लय दर काही ओळींनी चढते आणि एकदम बसते. ही चूक नाही, गाण्याची घडणच अशी आहे. थोरली नवी कडवी वैरण घातल्यावर, जड फेऱ्यात सुरू करते; चढत्या लयीत ओळी पुन्हा म्हटल्या जातात.

निर्णय : क्लिक बंद. जे वाद्य येईल ते जात्याच्या मागून येईल.

२५ ऑगस्ट
चारही ओव्यांचे टेक पूर्ण. प्रत्येकीचे तीन. दुसरा टेक जवळजवळ नेहमी चांगला. पहिल्यात माइककडे लक्ष, तिसऱ्यात दंड भरून येतात.

सूर वर चढतो. सात मिनिटांच्या सलग टेकमध्ये षड्ज काळी चारवर (पेटीची चौथी काळी पट्टी) सुरू झाला, साधारण २०८ हर्ट्झ, आणि शेवटी २१२च्या पुढे गेला. म्हणजे सुमारे ४० सेंट (शंभर सेंट म्हणजे शेजारच्या दोन पट्ट्यांमधलं अंतर). एकट्या आवाजात हे कुणाच्या लक्षात येणार नाही, तुणतुणं लावलं की लगेच बोचेल.

२ सप्टेंबर
तुणतुणं. एकच तार, एकच स्वर, त्यामुळे चढत्या सुराशी सरळ भांडण. आवाजाला सॉफ्टवेअरने ओढून काळी चारवर बसवणं शक्य होतं. करून पाहिलं, ऐकलं आणि पुसून टाकलं. आवाजाबरोबर मागची जात्याची घरघरही सुरात ओढली जाते, दगड पाण्याखाली फिरतोय असं वाटतं. उलटं केलं. गाण्याचे तीन भाग पाडले, प्रत्येक भागाचा षड्ज मोजला आणि तुणतुण्याची खुंटी प्रत्येक भागासाठी नव्याने पिळून वेगळं वाजवलं. जोड वैरणीच्या जागी, जिथे एरवीही दम घेतला जातो. ऐकणाऱ्याला जोड सापडत नाही.

हार्मोनियमचा हट्ट एकाने धरला होता. तिच्या पट्ट्या हलत नाहीत. पाचव्या गाण्यापुरतीच ठेवली.

५ सप्टेंबर
दिमडी. जुनी दिमडी घोरपडीच्या कातड्याने मढवलेली असते आणि तिचा आवाज उंच, तुटक, सुंदर असतो हे खरं. पण वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार घोरपड पहिल्या अनुसूचीत आहे. तशी दिमडी वाजवायला आणायची नाही, तिचा फोटोही मुखपृष्ठावर नको. बकरीच्या पातळ कातड्याची वापरली. तिचा स्वर थोडा खाली आहे, १.५ किलोहर्ट्झच्या आसपास जरा उचलून घेतला की पुरतं.

९ सप्टेंबर
हलगी. हवा दमट, दिवसभर भुरभुर. बकरीच्या चामड्याची हलगी घेऊन बसलो तर आवाज पुठ्ठ्यासारखा. शेकली की वर येते. शेकण्याचं प्रमाण : आरापासून हातभर अंतर, सतत फिरवत, दोन्ही बाजू. ज्वाळेवर धरायची नाही. एकाच जागी आच लागली तर चामडं कड्याजवळ फाटतं, आणि ते तिथेच फाटतं कारण ताण तिथे सगळ्यात जास्त असतो. शेकून आणल्यावर ह्या हवेत जेमतेम पंधरा-वीस मिनिटं ताठ राहते. म्हणजे एका शेकणीत दोन टेक. प्रत्येक टेकच्या आधी एक मोकळा ठोका रेकॉर्ड करून मागच्याशी ताडून पाहायचा. हे केलं नाही तर पहिलं कडवं एका हलगीचं आणि तिसरं दुसऱ्या हलगीचं वाटतं.

नट-बोल्टची, प्लॅस्टिक पानाची हलगीही आणली होती. ती हवेने हलत नाही, पण घंटेसारखी वाजत राहते. पानाच्या आतून कड्यालगत कापडी पट्टीचे दोन तुकडे चिकटवले की शेपूट कमी होते. मिरवणुकीला ती ठीक. जात्याशेजारी ठेवली की पत्रा वाजतो. एका गाण्यात आधाराला ठेवली, बाकी चामड्याची.

वादकाला हेडफोनमध्ये फक्त जातं आणि आवाज. जातं जरा मोठं. पहिला टेक बिचकत झाला, कारण सवय लयीला धरून ठेवण्याची आणि इथे लय हातातून सरकते. तिसऱ्या टेकला वैरण कधी पडते ते त्याला ऐकूनच कळायला लागलं आणि त्या जागी तो आपोआप एक ठोका सोडायला लागला. तो सुटलेला ठोका सगळ्या संचातली सर्वात चांगली गोष्ट आहे.

हेडफोन बंद कानाचे हवेत. उघड्या प्रकारातून जात्याची घरघर हलगीच्या माइकमध्ये परत शिरली, एक अख्खी दुपार वाया.

१४ सप्टेंबर
पाचवं गाणं, ‘उचल’. पोवाड्याचं अंग. शाहीर पुढे, तीन झीलकरी मागे, ‘जी जी रं जी’ उचलायला. सगळे एकत्र, थेट. झीलकरी दोन मीटर मागे उभे केले. शाहिराच्या माइकमध्ये त्यांचा आवाज साधारण सहा मिलिसेकंद उशिरा पोचतो. त्यांच्या स्वतःच्या माइकमध्ये लगेच. दोन्ही ट्रॅक सारख्या पातळीवर ठेवले की आवाज पोकळ होतो. झीलकऱ्यांचा माइक त्यांच्यापासून ५० सेंटिमीटरवर आणला आणि शाहिराच्या माइकपासून दीड मीटरच्या पुढे ठेवला. एकास तीन हे प्रमाण पाळलं की पोकळपणा जातो.

शब्दांत एक बदल. ‘मुकादम’ (टोळी जमवणारा) हा खलनायक करून लिहिलेलं कडवं काढलं. मुकादमही बरेचदा कारखान्याकडून उचल घेऊन अडकलेला असतो. गाण्यात आता नुसता हिशोब आहे : उचल किती, तोडलं किती, फिटलं किती, उरलं किती. टाळी हिशोबावरच पडते.

१६ सप्टेंबर
सातवं गाणं म्हणून वामनदादा कर्डकांचं एक घ्यायचा विचार होता. सोडला. वामनदादा २००४ मध्ये गेले. भारतीय कायद्यानुसार कवीच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षं हक्क राहतो, म्हणजे २०६४ अखेरपर्यंत. अण्णा भाऊ साठे १९६९ मध्ये गेले, तिथे २०२९ अखेर. कॉपीराइट कायद्याच्या कलम ३१ क खाली जुन्या ध्वनिमुद्रणाची नवी आवृत्ती करता येते, पण मूळ ध्वनिमुद्रणाला पाच वर्षं झालेली हवीत, आगाऊ सूचना द्यावी लागते आणि वर्षाला किमान ५०,००० प्रतींचं मानधन आगाऊ भरावं लागतं. छोट्या संचाला ते झेपत नाही. वारसांची थेट लेखी परवानगी हाच सरळ रस्ता, आणि तो दसऱ्याआधी होणारा नाही. ‘लोकगीतच आहे, सगळे गातात’ हे उत्तर चालत नाही. गाणारा सगळा समाज असला तरी लिहिणारा माहीत असेल तर ते पारंपरिक नव्हे.

२० सप्टेंबर
करार. मराठीत, दोन पानं, मोठ्याने वाचून दाखवला, वाचतानाचं रेकॉर्डिंग ठेवलं. गायिका ह्या कायद्याने सादरकर्त्या आहेत आणि सादरकर्त्याचा हक्क ५० वर्षं असतो, हे त्यात पहिल्याच कलमात. पुढे : मानधन टेकच्या दिवशीच रोख, मिळकतीत वाटा वेगळा. नव्या ओव्यांचं लेखन त्यांच्या नावावर. जुन्या ओव्यांना ‘पारंपरिक’. जाहिरातीला किंवा प्रचाराला वापरायचं असेल तर पुन्हा विचारायचं.

धाकटीने एक ओवी काढायला सांगितली, नणंदेची. घरातल्या घरात झोंबली असती. काढली. टेक चांगला होता.

१८ ऑक्टोबर
मिक्स. जात्यामुळे पातळीचं मीटर फसवतं. दगडाची घरघर सतत चालू असते, त्यामुळे मीटर उणे १४ एलयूएफएस (कानाला जाणवणाऱ्या पातळीचं माप) दाखवतं तेव्हा आवाज प्रत्यक्षात एकतारीच्या गाण्यापेक्षा बराच खाली असतो. गाण्यागाण्यांची तुलना आवाज ऐकून केली, मीटर नंतर. ओव्या उणे १५च्या आसपास, ‘उचल’ उणे १३, शिखर कुठेही उणे १च्या वर नाही.

दुसरा पेच व्यंजनांचा. दाण्यांची कुरकुर २ ते ४ किलोहर्ट्झमध्ये आणि ‘च’, ‘स’, ‘ट’ यांची धारही तिथेच. कुरकुर कायमची कापली तर जातं म्हणजे नुसता गडगडाट. म्हणून फक्त आवाज चालू असतानाच त्या पट्ट्यात जातं ३ डेसिबल दबतं, ओळ संपली की वर येतं. जास्त दाबलं तर दगड श्वास घेतोय असं ऐकू येतं.

६ नोव्हेंबर
दोघी आता सांगलीकडच्या एका फडावर, कोपीत (तोडकऱ्यांच्या झोपडीत). मिक्स फोनवर पाठवला. तिथे हेडफोन नाहीत, स्पीकरवरच ऐकणार. फोनच्या स्पीकरमध्ये ३०० हर्ट्झच्या खाली फारसं काही उरत नाही, म्हणजे घरघर गेली आणि नुसती कुरकुर उरली. थोरलीचा निरोप : ‘जातं चाळणीवानी वाजतंय.’ खरं आहे. जात्याच्या ट्रॅकची नक्कल करून तिला हलकं सॅच्युरेशन (आवाजात वरचे स्वर भरणारी किंचित विकृती) दिलं आणि ४०० ते ८०० हर्ट्झ एवढाच पट्टा ठेवून मूळ ट्रॅकखाली मिसळली. आता फोनवरही दगड दगडासारखा. मोठ्या स्पीकरवर फरक जवळजवळ कळत नाही.

१० नोव्हेंबर
वितरणाचा अर्ज. मुखपृष्ठ ३००० बाय ३००० पिक्सेल. फाइल्स २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ. प्रत्येक गाण्याला बारा अक्षरांचा आयएसआरसी, म्हणजे ध्वनिमुद्रणाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक. वितरकाकडून मिळतो, पण वही आपल्याकडे ठेवायची, वितरक बदलला तरी तोच क्रमांक चालवायचा. गीतकाराच्या रकान्यात नाव सक्तीचं आहे म्हणून घाईत निर्मात्याचं नाव टाकायची चूक फार ठिकाणी होते, आणि पारंपरिक ओवी कुणाच्या तरी मालकीची होऊन बसते. तिन्ही जुन्या ओव्यांना ‘पारंपरिक’ लिहिलं. चौथीला, म्हणजे ऊसतोडीच्या नव्या ओव्यांना, दोघींची नावं. युट्यूबच्या कंटेंट आयडीत (सारखं ध्वनिमुद्रण आपोआप ओळखून हक्काचा दावा लावणारी यंत्रणा) ओव्या दिल्या नाहीत. उद्या दुसऱ्या गावच्या बाईने तीच ओवी टाकली तर तिच्यावर दावा लागेल.

प्रसिद्धीची तारीख पट्टा पडल्यानंतरची. तोवर दोघी गावी असतील.